एकच कूलर

शनिवार, १२ एप्रिल

वकारनं सांगितलं म्हणून ही वही. वकार नांदेडचा, माझं कॉम्प्युटरचं मशीन त्यानंच जोडून दिलंय. "ताई, दर दोन तासाला फोन करून कार्ड किती तापलं ते सांगून राहिले तुम्ही. त्यापेक्षा लिहून ठेवा, आठवड्यानं मला फोटो पाठवा," म्हणाला. चेष्टाच करत होता, पण मला पटलं. लिहिलं की भीती जरा आवरते.

तर नोंद. सकाळी अकराला रेंडर सुरू, म्हणजे मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड फिल्मचं एकेक चित्र काढायला लागलं. खोली ३४ अंश. कार्ड ७६. वेग २६८५.

वेगाचं हे प्रकरण मला कालच नीट कळलं, म्हणून लिहून ठेवते. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर बूस्टचा आकडा छापलाय, २४७५ मेगाहर्ट्झ. म्हणजे इतका वेग सहसा मिळेलच. पण कार्ड गार असेल आणि वीज पुरेशी मिळत असेल तर ते आपण होऊन त्याच्याही वर पळतं. तापायला लागलं की आपणच थोडं थोडं खाली येतं, आणि ८३ च्या पुढे गेलं की चांगलंच खाली येतं.

काम असं आहे. महादेवप्पांची इथं लातुरात एक संस्था आहे, त्यांना मुलींचं वसतिगृह बांधायचंय. बांधण्याआधी ते कसं दिसेल, जिने, खोल्या, अंगण, सगळीकडून फिरवून आणणारी चार मिनिटांची फिल्म मी करतेय. ती बसव जयंतीला, तीस तारखेला, देणगीदारांसमोर लावायची. चार मिनिटांची चित्रं होतात सहा हजार. एकेका चित्राला कार्ड तीन मिनिटं घेतं. म्हणजे दिवसरात्र साडेबारा दिवस, लाइट गेली नाही तर. लाइट जाणारच नाही असं धरून हिशेब करणारी लातुरातली मी पहिलीच असेन.

हे नीट झालं तर महादेवप्पा पुढची कामं देतो म्हणालेत. नाही झालं तर जूनमध्ये पुन्हा पुणे, पुन्हा कुणाच्या तरी स्टुडिओत नोकरी, आणि अव्वा इथं एकटी. अप्पा गेल्यावर दोन वर्षं ती एकटी राहिली तेव्हा मी रोज फोनवर "जेवलीस का" विचारायचे आणि ती "हाव" म्हणायची. ते मला परत नकोय. मला माझ्या आईजवळ राहायचंय, आणि ते आता या कार्डावर आहे.

रविवार, १३ एप्रिल

चित्रं ४१०. कार्ड सकाळी ७५, दुपारी ८१.

अव्वा दारात येऊन बघून गेली. "हे सारखं घुमायलंय ते चांगलंच हाय ना?" मी म्हटलं, पंखे फिरतात, घुमणारच. "बरं. मला वाटलं तरास व्हायलाय त्याला." तिला हसले मी. पण ती गेल्यावर कान लावून ऐकत बसले.

मंगळवार, १५ एप्रिल

बाहेर एक्केचाळीस. खोली ३८. कार्ड ८४, वेग २४६०. एका चित्राला साडेतीन मिनिटं. काल लाइट दोनदा गेली. एकूण चित्रं ११६०. या चालीनं तीस तारखेपर्यंत कसंबसं होईल.

वकारला फोन केला. तो म्हणाला, "ताई, कार्ड खराब नाही झालं. तापलं म्हणून स्वतःच हळू झालं. ते स्वतःला जपून घेतं. लईच झालं तर बंद पडंल, पण जळणार न्हाई. तुम्ही नका घाबरू." मग म्हणाला, "माझ्याकडं चार मशीन रिकाम्या हायत. अर्धी चित्रं मला द्या ना, दोन दिवसात काढून देतो. पैशे बी नको."

मी नको म्हटलं. महादेवप्पांच्या कानावर गेलं तर ते म्हणतील, मग नांदेडवाल्यालाच देऊ की सगळं. वकार तसा माणूस नाही, हे मला माहीत आहे. तरी नको म्हटलं.

अव्वा म्हणाली, आज झळा लई हायत. मी म्हटलं, हो ना, चौऱ्याऐंशीला गेलं.

बुधवार, १६ एप्रिल

आज ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे कार्डाला ठरल्यापेक्षा जास्त पळवलं. वकारला न सांगता. सॉफ्टवेअरमधली एक पट्टी उजवीकडं सरकवायची असते, बस. १२० नं वाढवलं. वेग सकाळी २८०० च्या वर. एक चित्र दोन मिनिटं पन्नास सेकंदात. माझंच मला कौतुक वाटलं. चार दिवस कशाला भीत बसले होते!

अव्वाला शेंगदाण्याची चटणी कर म्हटलं, तिनं केली.

गुरुवार, १७ एप्रिल

दुपारी दोन वाजता आंघोळीहून आले तर पडदा काळा. कार्डाजवळ नाक नेलं, जळका वास येतोय की नाही ते कळेना. बंद करून, देवाचं नाव घेऊन पुन्हा सुरू केलं. सुरू झालं. पण शेवटच्या साठएक चित्रांत वसतिगृहाच्या भिंतींवर हिरवे-जांभळे ठिपके आलेत, गोवर निघाल्यासारखे. ती सगळी पुन्हा काढायची.

वकारला सांगावंच लागलं. तो रागावला नाही, हसला. तेही बरं वाटलं नाही. "ताई, तुम्ही वरून ढकलायले आणि ते तापून खाली उतरायलंय. फायदा काय? पट्टी मागं घ्या."

घेतली मागं, पण अर्धीच. मला वेळ पुरणार नाही. माझ्याजवळ दुसरं कार्ड घ्यायची ऐपत नाही. हे मेलं तर सगळंच गेलं. जेवण गेलं नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल

कूलर इकडे आणला.

आमच्याकडं कूलर एकच, अव्वाच्या खोलीत. तिची खोली पुढची, वर पत्रे. माझी मागची, वर स्लॅब. मी तिच्या दारात उभी राहून कूलरकडं बघत होते. ती खाटेवर बसून मिरच्यांची देठं काढत होती. वर न बघता म्हणाली, "ने."

"तुला?"

"पंखा हाय की." देठ बाजूला टाकत म्हणाली, "संध्याकाळी आणून ठीव पण."

हो म्हटलं. दोघींनी मिळून ढकलत आणला, तिनं टाकी भरून दिली. दार लावून घेतलं. एका तासात कार्ड ७३! वेग २७४०! मी इतक्या दिवसांनी पाठ टेकली.

रविवार, २० एप्रिल

कार्ड ७२ ते ७४. चित्रं २९००, ठिपक्यांची धरून. छान चाललंय.

कूलर परत न्यायचं राहिलं. रेंडर दिवसरात्र चालू, तर संध्याकाळ कोणती धरायची? अव्वानं विचारलं नाही. ती दुपारी शेजारी गुरम्मा मावशीकडं जाऊन बसते, बरंच झालं. तिची ये-जा कमी असली की माझ्या खोलीचं दार सारखं उघडत नाही.

एकच काळजी, पाणी. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा, आणि कूलर दिवसाला चार घागरी पितो. पण टाकी पाहावी तेव्हा भरलेली असते. अव्वाचं पाण्याचं गणित पहिल्यापासून पक्कं. रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी सगळी गल्ली रडत होती तेव्हा आमच्या घरात दोन घागरी शिल्लक असायच्या. ती स्वतः वाटीभर पाण्यानं तोंड धुते आणि तांब्याभर पाण्यावर दिवस काढते.

मंगळवार, २२ एप्रिल

कार्ड ७५. बाहेर बेचाळीस. चित्रं ३६५०.

महादेवप्पा येऊन गेले. खोलीत कूलर लावलेला बघून म्हणाले, "वा, मशीनचे लाड हायत!" अव्वाला म्हणाले, "सिद्धम्मा, पोरगी नाव काढणार बगा." अव्वा हसली. तिनं त्यांना चहा दिला, त्यात मीठ पडलं होतं. महादेवप्पा सगळा प्याले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते गेल्यावर मी बोललेच तिला. म्हटलं, माझं एवढं काम यांच्यावर अवलंबून आणि तुझं लक्ष कुठं असतं? ती डबे बघत उभी राहिली. "दोनी पांढरंच की," म्हणाली.

मावशी आज मुरुडला भाच्याच्या लग्नाला गेल्या, आठवडाभर नाहीत.

बुधवार, २३ एप्रिल

लाइट पाच तास नव्हती. यूपीएस चाळीस मिनिटांत दमला. पाच तास म्हणजे शंभर चित्रं. अंगणात फेऱ्या मारत होते. आता ठरल्याप्रमाणे २८ ला संपणार नाही, २९ ला संपेल, आणि मग जोडणार कधी, आवाज टाकणार कधी? रडू आलं. कुणी काही बोललं तर वसकन अंगावर जाते मी.

अव्वाच्या पायात गोळे येतात म्हणते. तेल लावून चोळलं, दोन मिनिटं. मग लाइट आली.

गुरुवार, २४ एप्रिल

वकारनं आज दीड तास फोनवर बसून एक नवी गोष्ट शिकवली. सगळे जण कार्डाला जास्त वीज देऊन पळवायला बघतात. आपण उलट करायचं, वेग तोच मागायचा आणि वीज थोडी कमी द्यायची. कार्ड कमी तापतं, आणि कमी तापलं की त्याला खाली यावं लागत नाही. मला खोटं वाटलं. पट्टी शून्यावर आणली, तो सांगेल तसा आकड्यांचा आलेख खाली दाबला.

खरंच झालं! २६८५ वर स्थिर, हलायला तयार नाही. कार्ड ६६.

वकार म्हणाला, आता कूलर बंद करून बघा. केला. तासाभरानं ७२, वेग तोच, चित्राला तीन मिनिटं. "बघा, कूलरची गरजच नव्हती. उलट त्याची ओली हवा मशीनला चांगली न्हाई. काढून टाका तो."

किती आकडे मी उगाच भीत लिहिले! अठरा तारखेलाच हे केलं असतं तर.

कूलर पुन्हा चालू केला. असू दे, पाचच दिवस राहिलेत. बहात्तर ठीक आहे, पण उद्या त्रेचाळीस सांगितलंय बाहेर. आता काही हलवायचं नाही. चालतंय ते चालू दे.

शुक्रवार, २५ एप्रिल

कार्ड ६७. चित्रं ४६४०. बाहेर त्रेचाळीस.

इतक्या उन्हाचं मला कपडे पिळावेत इतका घाम, आणि अव्वाच्या अंगाला हात लागला तर कोरडी ठणठणीत. काटक बाई. जुन्या माणसांची गोष्टच वेगळी.

आज तिनं मला दोनदा गंगम्मा म्हणून हाक मारली. गंगम्मा तिची धाकटी बहीण, निलंग्याची. म्हटलं, आठवण येतेय तर फोन लावून देते, काम झालं की.

शनिवार, २६ एप्रिल

दुपारी दोन चाळीस, कार्ड ६८. ५०९०.

सोमवार, २८ एप्रिल

दवाखान्यात बसून लिहितेय. वही पिशवीत होती. दुसरं काय करू कळत नाही.

शनिवारी पावणेतीनला पाणी प्यायला उठले. माझ्या दाराच्या बाहेर, भिंतीला टेकून, अव्वा खाली बसलेली होती. दाराखालच्या फटीजवळ. शेजारी घागर आडवी, फरशी ओली. मला वाटलं पाणी सांडलं म्हणून बसलीय. "अव्वा, ऊठ" म्हटलं. ती काहीतरी बोलली, कानडीत, आणि ते मला म्हणून नव्हतं. हात धरला तर इतका गरम की मी सोडून दिला. तिचा हात मी सोडून दिला. मग ओरडले.

रिक्षात तिला झटके आले.

डॉक्टर तरुण होते. ताप एक्केचाळीस पॉइंट दोन म्हणाले. माझं कार्ड काहीच काम करत नसतं तेव्हा एक्केचाळीसवर असतं. हे माझ्या मनात त्या क्षणी आलं, तिथं, तिच्या खाटेजवळ. स्वतःची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

मग ते विचारत गेले. बीपीची गोळी कोणती? मला रंग माहीत होता. ती लघवीची गोळी आहे, अंगातलं पाणी काढते, माहीत आहे का? नाही. दिवसाला पाणी किती पितात? लघवी शेवटची कधी झाली? असंबद्ध बोलायला कधीपासून लागल्या? घाम यायचा कधी थांबला? राहतात त्या खोलीत दुपारी किती तापतं?

एकाचंही उत्तर मला देता आलं नाही. वही हातात होती. डॉक्टरांना वाटलं यात तिचं काही लिहिलंय, त्यांनी ती घेतली, दोन पानं उलटली आणि परत दिली. "हे कशाचं आहे?" म्हणाले. मी सांगितलं. ते सलाइन बघायला वळले. काही बोलले असते तर बरं झालं असतं.

मंगळवार, २९ एप्रिल

मूत्रपिंडांना मार बसलाय. काल आणि आज डायलिसिस. डॉक्टर म्हणतात, अजून दोन दिवस काही सांगता येत नाही. मी दर वेळी विचारते आणि ते दर वेळी हेच सांगतात.

वकार रविवारीच नांदेडहून आला होता. घरी जाऊन राहिलेली चित्रं, फाइल, सगळं डिस्कवर घेऊन गेला. आज सकाळी फिल्म पूर्ण करून महादेवप्पांकडं पोचवली पण. चार मशीन, दीड दिवस. मी आभार मानले तर म्हणाला, "ताई, ते सोडा. अम्मा कशा हायत?"

गुरम्मा मावशी मुरुडहून आल्या त्या थेट इथं. कूलरचं पाणी त्यांच्या बोअरचं होतं. अव्वा रोज सकाळी त्यांच्याकडून दोन घागरी आणायची आणि घरच्या पिण्याच्या दोन घालायची. दुपारी त्यांच्या पंख्याखाली पडायची. मावशी गेल्या आणि घराला कुलूप लागलं. "मला वाटलं तुला ठाव हाय," म्हणाल्या.

अव्वा आज डोळे उघडते, पण ओळखते की नाही कळत नाही. नर्सनं मला तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालू दिलं, मोजून. माझ्याकडून अर्धं हनुवटीवर सांडलं. प्रत्येक चमच्याला वाटत होतं, हा घशात अडकला तर.

बुधवार, ३० एप्रिल

बसव जयंती. सकाळी मावशीनं अव्वाच्या कपाळाला विभूती लावली.

दुपारी महादेवप्पांचा फोन. मागे टाळ्यांचा, माणसांचा आवाज. म्हणाले, लोक उठून उभे राहिले, पहिल्या मजल्याच्या खोल्यांची देणगी जागेवर जमली, आणि पुढच्या तिन्ही इमारती तुझ्याच. "आता कुठं जायची गरज न्हाई पुण्याला. आईपाशी ऱ्हा." मी हो म्हटलं. त्यांना चांगलंच वाटत होतं, त्यांचा काय दोष.

फोन ठेवला तर अव्वा माझ्याकडं बघत होती. नीट बघत होती, ओळखून. पाच दिवसांत पहिल्यांदा. मी तिच्या तोंडाजवळ वाकले. आवाज अगदी बारीक होता.

"मला लई गरम व्हायलं व्हतं गं."

"सांगायचं ना मला, अव्वा. एकदा तरी सांगायचं."

"दारात तर बसत व्हते." श्वास घेतला. "तू त्याला दर घटकेला बघायचीस, किती तापलं, किती तापलं. मी म्हणलं, येवढी बघायलीय तर मला बी बघंल की. वाट पाह्यली."

रागावून नाही बोलली. एखादी झालेली गोष्ट सांगावी तशी बोलली. मग तिनं मान वळवून तोंड भिंतीकडं केलं. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं फार वाटलं. पण खांदा अजून गरम असेल, या भीतीनं मी माझा हात तसाच अधांतरी धरून बसले.